मालिकांतील ‘बडोद्याची आत्या’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोज रात्री मी पाहते त्या एका मराठी मालिकेत गेल्या आठवड्यात लग्नघर दाखवले आणि त्यात ‘बडोद्याची आत्या’ आली. अंगावर बांधणी, हातात ढोकळ्याचा डबा, तोंडी ‘केम छो’ आणि मोडकेतोडके मराठी. दोन भाग हसवून ती परत गेली. त्याआधी पाहिलेल्या दुसऱ्या मालिकेत नायकाच्या मित्राची बडोद्याला बदली झाली आणि तो कथेतून कायमचा नाहीसा झाला. मराठी मालिका आणि चित्रपट मी हौसेने पाहते आणि त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझी सख्खी आत्या ८२ वर्षांची आहे आणि तिचा जन्म आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातला. दिवेलागणीला ती शुभंकरोती म्हणते, मग दूरचित्रवाणीसमोर भाजी निवडत बसते आणि मला विचारते, “उद्या शाक कशाचं करायचं?” घरी परतायला उशीर झाला तर “वार लागली” म्हणते. हे दोन गुजराती शब्द वगळले तर तिचे मराठी इतके स्वच्छ आणि जुन्या वळणाचे आहे की, तसे मराठी आजच्या मालिकांतील आज्यांच्या तोंडीही मला क्वचितच ऐकू येते. ती परवा तो प्रसंग पाहत होती. हसली नाही. “ही कोणाची आत्या?” एवढेच तिने विचारले, आणि मला काही उत्तर देता आले नाही.

ज्या गावाची पडद्यावर अशी ओळख करून दिली जाते, त्या गावाचे मराठी पडद्यावर केवढे ऋण आहे! दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर शिकायला आले ते सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातील कलाभवनात, आणि छायाचित्रणाचे धडे त्यांनी येथे गिरवले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१३ साली, पडद्यावर आला. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण करणारे चिं. वि. जोशी तर बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचा चिमणराव पुण्याचा असला तरी त्याला घडवणारा माणूस आमच्या गावात राहून लिहीत होता. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटातून त्या जोडीला पडद्यावर आणले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी तिला मुंबई दूरदर्शनवरून घराघरांत नेले. सुट्टीत मुंबईला मामांकडे गेले असताना कृष्णधवल पडद्यासमोर अख्खी चाळ दाटीवाटीने बसलेली मला आठवते. लेखक आपल्या बडोद्याचे, हे मामांना सांगताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती. त्या मालिकेतील विनोद माणसांच्या स्वभावातून येत असे. कोणाच्या बोलण्याची नक्कल करून तो ओढून आणावा लागत नसे.

कोकण, कोल्हापूर, विदर्भ यांची बोली आता मालिकांत आवर्जून येते आणि त्यासाठी मी लेखकांचे मनापासून कौतुक करते. नागपूरचा माणूस नागपुरी बोलतो तेव्हा कथा खरी वाटते. मग गायकवाडांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या घरांनाच हा न्याय का मिळू नये? आमच्याकडे शारदीय नवरात्रात देवीसमोर घट बसलेला असतो, संध्याकाळी कुंकवाला बायका येतात आणि रात्री त्याच घरातील मुली शेजारच्या गुजराती मैत्रिणींबरोबर गरब्याला जातात. शेजारीही मालिकेत दिसतो तसा सतत शेअर बाजाराविषयी बोलणारा नसतो. आमच्या शेजारचे काका आमच्या गणपतीची आरती पाठ म्हणतात आणि विसर्जनाला सर्वांच्या पुढे असतात. मुलांना मराठी शाळेत घालायचे की इंग्रजी, सून गुजराती आली तर घरात कोणती भाषा चालायची, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे त्याच्या मराठीला लोक हसले, तर त्याने काय करायचे, हे प्रश्न आमच्या घरांत रोजचे आहेत. सासू-सुनेच्या त्याच त्या कारस्थानांवर शेकडो भाग काढणाऱ्यांना यात कथा दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

चित्रपटांबद्दल थोडेच लिहिते. मराठी चित्रपट आमच्या शहरात लागलाच तर बहुधा एखादाच खेळ असतो, तोही नोकरदारांना न जमणाऱ्या वेळी, आणि प्रेक्षक नाहीत म्हणून तो लगेच उतरतो. वितरकांनी शनिवार-रविवारची सायंकाळ देऊन पाहावी, एवढीच विनंती आहे.

मालिकांच्या लेखकांना मात्र माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. पुढची ‘बडोद्याची आत्या’ लिहिण्यापूर्वी त्यांनी दोन दिवस आमच्याकडे राहायला यावे. आमची आत्या संध्याकाळी सहानंतर ओसरीवर असते. बोलायला तिला फार आवडते, आणि चिं. विं.च्या गोष्टी तिला तोंडपाठ आहेत.

आपली,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे