दाभोळ खाडीतील त्या दोघांचे आभार

पावसाळ्यानंतर प्रथमच होडी बाहेर काढली आणि दाभोळ खाडीच्या मध्यावर आमचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन चोक ओढला तरच चालू राही, सोडताच बंद पडे. शेजारून जाणाऱ्या मच्छीमार होडीतील दोघांनी आम्हांला दोर बांधून धक्क्यापर्यंत ओढत आणले. त्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थांनी कार्ब्युरेटरची (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाची) वाटी उघडून शिळ्या पेट्रोलचा डिंकासारखा तपकिरी थर दाखवला, आणि पोलादी तारेने जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे) भोक मोठे होते म्हणून वायरीतली तांब्याची एकच बारीक तार सोडवून जेट मोकळा केला. (मोसम संपताना टाकी रिकामी न करण्याची चूक अर्थातच माझी.) त्यांनी पैसे घेतले नाहीत, नावेही सांगितली नाहीत, उलट उरलेली तार माझ्या हातावर ठेवली. त्या दोघांचे मनःपूर्वक आभार.