पोरांना दिंडी झाली की घरी का पाठवता?

संपादकसाहेब,

कडोली, उचगाव, येळ्ळूर, आपल्याकडे गावोगाव साहित्य संमेलनं होतात, अभिमानच आहे, १९४६ ला बेळगावच्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झालाय. पण शाळेची पोरं ग्रंथदिंडीत लेझीम खेळतात, नाश्ता करतात आणि भाषणं सुरू झाली की घरी. एक तास त्यांना त्यांचं स्वतःचं लिहायला-सांगायला द्या की! माझी नात चौथीला, ‘पावसाळा’ निबंध गाइडमधून उतरवत होती, तोंडी मात्र मार्कंडेय नदीच्या पुरात आमची म्हैस कशी अडकली ते निम्मं कन्नड घालून असं रंगवून सांगितलं की चहा निवला. म्हटलं हेच लिही. तर म्हणते, “आज्जा, म्हशीचं लिहिलेलं चालतंय व्हय?”

एक वाचक, बेळगाव तालुका