१२ मार्चच्या दिनविशेषात कॅनबेरा पण टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात राहतो पण पेपर मोबाईलवर आपलाच वाचतो, आणि आधी दिनविशेष बघतो, सवय आहे. १२ मार्चला तिथे दांडीयात्रा असते आणि यशवंतराव चव्हाणांची जयंती असते. यशवंतरावांचा जन्म १९१३ चा, आणि त्याच साली त्याच तारखेला इथल्या एका टेकाडावर गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी डेनमन यांनी सोन्याच्या डबीतून चिठ्ठी काढून नव्या राजधानीचं नाव वाचलं, तोवर गुपितच होतं. बाई 'कॅन'वर जोर देऊन बोलल्या आणि तोच उच्चार चिकटला तो चिकटलाच.

हे लिहायचं कारण म्हणजे गावाकडून फोन आला की अजूनही विचारतात, राजधानी सिडनी ना? अहो नाही! सिडनी आणि मेलबर्नचं पटेना म्हणून तर घटनेतच लिहून टाकलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला, ती १९२७ पर्यंत तिथेच भरत होती. दोघांचं भांडण अन् तिसऱ्याचा लाभ. लोकांनी नावं पण काय एकेक सुचवली होती, त्यातलं एक 'सिडमेलपरॅडब्रिशो', सहा राज्यांच्या राजधान्यांचे तुकडे जोडून, म्हणजे कुणी रुसायला नको! आईला पत्ता सांगता सांगता माझी बोबडी वळली असती.

या नामकरणाची, म्हणजे 'कॅनबेरा डे'ची, सुट्टी मार्चच्या दुसऱ्या सोमवारी, ती पण फक्त या टेरिटरीत, म्हणजे राजधानीच्या प्रदेशात. शहराच्या एकीचा दिवस म्हणायचं आणि शुक्रवारी संध्याकाळीच निम्म्या गाड्या बेटमन्स बेच्या समुद्राकडे निघतात, मीही त्यातलाच. यंदा मात्र थांबलो. पहाटे तलावाकाठी गेलो (हा तलाव पण माणसांनी केलेला, १९६४ साली भरला), अंधारात बर्नरचा भस्स आवाज आला आणि आडवा पडलेला गरम हवेचा बलून हळूहळू उभा राहिला, गारठ्यात पोरं एकदम गप्प. कार्यक्रमात भाषणाआधी इथल्या मूळ रहिवाशांचा, नन्नवल लोकांचा उल्लेख झाला, ते बरं वाटलं, शहर १९१३ चं असलं तरी ते इथे हजारो वर्षांपासून आहेत.

तर यशवंतरावांच्या खाली एक ओळ टाकाच, आई कात्रण काढून ठेवेल.

आपला,
एक वाचक, कॅनबेरा