इटालियन रश्श्याला बोनलेस कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये इटालियन चिकन स्ट्यूची पाककृती आली, की तिच्यात बोनलेस, ऑलिव्ह तेल, वाइन आणि वरून चीज असा जामानिमा असतोच. यादी वाचूनच माणूस पान उलटतो. वास्तविक हा स्ट्यू, 'पोलो आला काच्चातोरा' (शिकाऱ्याच्या पद्धतीचे चिकन), तिकडचा साध्या घरातला रस्सा आहे. पुरवणीत त्याचा काटकसरीचा अवतारही छापावा, म्हणून हे पत्र.

बोनलेस हा तर मुळातच चुकीचा माल. ते बहुधा छातीचे मांस असते आणि त्यात कोलेजन (शिजून चिकट होणारे प्रथिन) कमी, म्हणून जास्त वेळ शिजवले की त्याचा चोथा होतो. तंगडी-मांडीतले कोलेजन मंद आचेवर विरघळते आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. काजू-खोबऱ्याचे वाटण लागत नाही. दुकानात हाडासकट एक किलोचे दहा-बारा मोठे तुकडे करून घ्यावेत. मान, पंख आणि पाठ वेगळी काढून तीन कप पाण्यात अर्धा तास उकळली, की फुकटचा स्टॉक तयार.

तुकडे पुसून कोरडे करावेत, एक चमचा मीठ चोळावे. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन टेबलस्पून शेंगतेल तापवून चार-चार तुकडे तांबूस परतून काढावेत. सगळे एकदम टाकले, की पाणी सुटते, चिकन त्यातच उकडते आणि निम्मी चव तिथेच जाते. लोखंडी कढई नको. टोमॅटोच्या आंबटपणाने रस्सा काळपट होतो, लोखंडाची चव उतरते.

त्याच तेलात दोन कांदे, एक गाजर आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे. तिकडे सेलरी ही देठांची भाजी घालतात, पण काड्यांवर भागते. कांदा मऊ व्हायला हवा, लाल नको. मग ठेचलेल्या सहा लसूणपाकळ्या. वाइनऐवजी दोन टेबलस्पून व्हिनेगर आणि अर्धा कप पाणी घालून बुडाला धरलेले खरवडून घ्यावे. सगळा स्वाद त्या खरवडीत असतो. आता सोललेले, हाताने कुस्करलेले अर्धा किलो टोमॅटो. मिक्सरमधून काढले तर फेसाळ, गुलाबी पाणी होते. टोमॅटो महाग असताना सरळ वगळावेत: रोमकडे हा पदार्थ टोमॅटोशिवाय, व्हिनेगर, लसूण आणि रोझमेरीच्या सुवासिक पानांवरच करतात.

टोमॅटो दहा मिनिटे शिजले, की चिकन आणि दीड कप स्टॉक घालून, झाकण किंचित तिरके ठेवून, पस्तीस-चाळीस मिनिटे. छातीचे तुकडे शेवटच्या पंधरा मिनिटांत. कुकरचा मोह टाळावा. त्यात वाफ कोंडते, रस आटत नाही आणि ब्रॉयलर दोन शिट्ट्यांत हाडापासून सुटते. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या इथे कामी येतात. तमालपत्र मात्र नको, त्याला दालचिनीचा वास असतो. तिकडचे बे लीफ वेगळ्या झाडाचे. आणि सोलापूरकराचा हात काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जाणारच, तो आवरावा. मसाला पडला, की आपला नेहमीचा रस्सा झाला!

खाणारे वाढले तर चिकन अर्धा किलोवर आणून दोन वाट्या उकडलेले काबुली चणे घालावेत. सोबत कडक भाकरी. इटलीत शिळा पाव तळाशी घालून त्यावर रस्सा ओततात, तशी भाकरी मोठी-मोठी मोडून पाच मिनिटे आधी भिजवावी. बारीक चुरा केला तर लगदा होतो.

उरलेला रस्सा गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा. इथल्या उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर टिकत नाही. दुसऱ्या दिवशी हाडे काढून, मांस मोकळे करून, उकडलेल्या मॅकरोनीत घातला की मुलांचे जेवण होते.

आपला,
एक वाचक, सोलापूर