मित्रास पत्र: विहिरीतला तांबडा पट्टा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बदली मनासारखी झाली, कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, शाळा मिळाली, वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, की प्रयोगशाळा नाही, फाटका एकच नकाशा आहे, मग पोरांना पृथ्वीचं शास्त्र शिकवू कशाने? हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

आमच्या पारनेर तालुक्यात विहीर पाडणं हे घरोघरचं प्रकरण. गेल्या मार्चमध्ये शाळेजवळच एका विद्यार्थ्याच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. त्याच्या वडिलांना विचारून, सुट्टीच्या दिवशी काम बंद असताना सहावीची मुलं नेली. त्यांनी विहिरीच्या अलीकडच्या बाजूला दोर बांधून दिला होता, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. समोरची कड स्वच्छ दिसत होती. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग पोचट कच्चा खडक, मग काळा पाषाण. आणि त्या पाषाणाच्या खाली वीतभर जाडीचा तांबडाभडक पट्टा, त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाण.

मी काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "हा तांबडा कुठून आला?" एक म्हणाला, गेरू असेल. दुसरा म्हणाला, मोटारीच्या पाइपाला धरतो तसा गंज आहे. मग एक मुलगी बोलली. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जातात, वर्गात ती फारशी तोंड उघडत नाही. म्हणाली, "सर, भट्टीत घालतात तेव्हा माती लाल नसते, भाजल्यावर होते. ही पण भाजलीय." लगेच एकाने अडवलं, "जमिनीच्या पोटात भट्टी कोण लावणार?" थोडा वेळ कुणीच बोलेना. मग मागून हळूच आवाज आला, "वरचा खडकच गरम असेल तर?"

तिथे मी बोलायला सुरुवात केली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. कळसूबाईचा १,६४६ मीटरचा माथासुद्धा याच थरांचा बनलेला आहे. एक थर निवाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग कुजून माती झाली, खडकातलं लोह गंजून तांबडं झालं. मग त्यावर नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. गंज म्हणणारा आणि भट्टी म्हणणारी, दोघंही बरोबर होती. ते सांगितल्यावर त्या मुलीचा चेहरा तू बघायला हवा होतास. लगेच तिचाच पुढचा प्रश्न आला, "म्हणजे मधे लाव्हा थांबला होता? मग तेव्हा इथे झाडं होती का?" नागपूर-छिंदवाडा भागात अशाच दोन थरांमधल्या गाळात झाडांचे, फळांचे जीवाश्म सापडले आहेत, हे मी त्या दिवशी सांगितलं. पण प्रश्न तिचा होता, म्हणून ते पोरांच्या डोक्यात राहिलं.

माझं म्हणणं एवढंच, की उत्तर थोडं दाबून धर. आपण मास्तर लोक फार घाईने सांगून टाकतो. पोरांनी आधी आपापसांत भांडलं पाहिजे, एकाने दुसऱ्याला "कशावरून?" विचारलं पाहिजे. "बेसाल्टची वैशिष्ट्ये लिहा" याला पाच मुद्दे पाठ करून पाच गुण मिळतात, पण आपल्याच विहिरीतला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, हे त्या पोराला ठाऊक नसतं. मला याची खरोखर चीड येते.

त्या विहिरीतून पाण्याचा विषय आपसूक निघाला. शेजारशेजारच्या दोन विहिरी, एक होळीलाच तळ गाठते, दुसरी मे काढते. असं का? मुरमाचं एक ढेकूळ आणि पाषाणाचा एक तुकडा उन्हात वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला आणि पाण्यात टाकला. मुरमातून बुडबुडे निघाले, पाषाण गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलल्यावर मुरूम भरला होता, पाषाणाचं वजन जवळपास तेवढंच. "मग पाषाणातल्या विहिरीला पाणी लागतं ते कुठून?" हा प्रश्न आठवडाभर चालला. शेवटी एका मुलाने आजोबांना विचारून आणलं, की पाणी खडकातून नाही, खडकाच्या चिरांतून येतं. भूजलाचा निम्मा धडा त्यात आला.

निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगेही दाखवून आणले. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून कातळ कसा कोरला जातो, ते तळाशी अडकलेले गोल गोटे बघून मुलांनीच सांगितलं. तिथे जास्त बोलावं लागलं नाही.

सावलीचा उद्योग मात्र तू नक्की कर, त्याला खर्च शून्य. पटांगणात ओळंब्याने सरळ काठी रोवायची आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. बाराला सावली सगळ्यांत आखूड होईल असंच मुलं धरून चालतात. आमच्याकडे जानेवारीच्या शेवटी ती पावणेएकच्या सुमारास आखूड होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास. भारताचं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून अर्धा तास उशीर. उरलेला फरक पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबवर्तुळाकार कक्षेचा. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखालीच पडते तो, आमच्याकडे मेच्या मध्यावर येतो, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि पुन्हा जुलैअखेरीस, तेव्हा आभाळ. म्हणून मेमध्ये मुलांना घरच्या अंगणातच स्टीलचा पेला पालथा घालून बघायला सांगितलं. तू आमच्या दक्षिणेला, तुझ्याकडे तो दिवस मेमध्ये थोडा आधी येईल.

आता माझं एक काम. आमच्याकडे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तुमच्याकडे ३,००० च्या वर. तरी मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो, हे मी वर्गात सांगितलं तर पोरांचा विश्वासच बसेना. एकीने पैज लावली, की सर कोकणाची थट्टा करतात. त्यांना मी कारण सांगणार नाही. तुझ्या पोरांकडून चिरेखाणीतले जांभ्याचे, तुमच्याकडच्या त्या तांबड्या भोकाभोकाच्या दगडाचे, तुकडे पाठव, एक वरच्या थरातला, एक खालचा, आणि प्रत्येकावर खोली लिही. खालची पांढरट-पिवळी चिकणमाती मिळाली तर पुडीत बांधून तीही. आमची मुलं काटा आणि बादली घेऊन तयार आहेत. बदल्यात मुरूम, पाषाण आणि तो तांबडा तुकडा इथून निघतोय. त्यावर नाव लिहिलेलं नाही. आधी तुझ्या पोरांना हातात घेऊ दे, वास घेऊ दे, पाण्यात टाकू दे, मग त्यांचे प्रश्न त्यांच्याच अक्षरात लिहून पाठव. उत्तरं आमचा वर्ग देईल.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. दिवाळीच्या सुट्टीत येतोयस ना? आलास की विहिरीवर जाऊ, आता तिला पाणी लागलंय.

तुझा मित्र