सव्वीस डाव, निकाल नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी बेसबॉलमध्ये नेहमीच्या नऊ डावांत बरोबरी झाली की जादा डावांत दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, आयता धावपटू उभा करतात. आपल्या क्रीडा पानावर या नियमाचं स्वागत केलेलं वाचलं. सामने रेंगाळत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. २०२० मध्ये कोविडच्या हंगामापुरता आणलेला हा नियम २०२३ पासून कायमचा झाला. बाद फेरीत मात्र तो लावत नाहीत. का, ते त्यांनाच विचारावं!

जादा डावांमुळे सामना रेंगाळतो, हे मला मुळातच पटत नाही. १ मे १९२० रोजी बोस्टनच्या ब्रेव्हज फील्डवर ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यात २६ डाव झाले. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, आजवर याहून जास्त डावांचा सामना झालेला नाही. त्याला वेळ किती लागला? ३ तास ५० मिनिटं. अलीकडे २०२१ मध्ये साध्या नऊ डावांनाच सरासरी तीन तासांच्या वर लागत होते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू हातात घोळवत बसायचा, बॅटर हातमोजे आवळत राहायचा. तो वेळ जादा डावांनी खाल्लेला नव्हता. २०२३ मध्ये चेंडू टाकायची मुदत मोजणारं घड्याळ पिचरच्या मागे लावलं आणि सामने झटपट संपू लागले. औषध तिथंच लागू पडलं. मग हे दुसरं कशाला?

त्या दिवशी ब्रुकलिनने पाचव्या डावात एक धाव काढली, बोस्टनने सहाव्यात ती फेडली. त्यानंतर वीस डाव कुणालाच धाव मिळाली नाही. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर, दोघंही पिचर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच टाकत राहिले. आज सहा डाव टाकले तरी पिचरची पाठ थोपटतात.

सतराव्या डावात बरोबरी जवळजवळ सुटलीच होती. ब्रुकलिनचे तिन्ही बेस भरलेले, एकच बाद. फटका थेट ओश्गरकडे गेला. त्याने चेंडू होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या 'घरी', फेकला, आणखी एक बाद. बोस्टनचा कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) गाउडी याने तो पहिल्या बेसवर फेकला, तिथं त्याच्याच संघातल्या होल्कच्या हातून निसटला. ही संधी साधून ब्रुकलिनचा धावपटू कोनेची घराकडे सुसाट निघाला. होल्कने चेंडू परत फेकला आणि गाउडीने प्लेटवर आडवं झेपावत त्याला टिपलं. दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा असता, तर इथवर सामना पोहोचलाच नसता.

प्रकाशझोत नव्हते. अंधार पडल्यावर पंचांनी १-१ बरोबरीवर खेळ थांबवला. ब्रुकलिनच्या आयव्ही ओल्सनने म्हणे आणखी एक डाव मागितला, म्हणजे २७ झाले की एका दिवसात तीन पूर्ण सामने खेळलो असं सांगता येईल. पंचांनी ऐकलं नाही.

निकाल हवाच म्हणून २०१९ च्या लॉर्ड्स अंतिम सामन्यात चौकार-षटकार मोजून विश्वविजेता ठरवला, तो आपल्याकडे अजून कुणाच्या पचनी पडलेला नाही. १९२० मध्ये बरोबरी ती बरोबरी म्हणून सोडून दिली, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

बोस्टनमध्ये रविवारी खेळायला तेव्हा बंदी होती. म्हणून ब्रुकलिनचा संघ घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाकडून १३ डावांत हरला. सोमवारी पुन्हा बोस्टनला येऊन १९ डावांत हरला. तीन दिवसांत ५८ डाव आणि विजय एकही नाही. त्या वर्षी नॅशनल लीगचं (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचं) विजेतेपद मात्र ब्रुकलिननेच पटकावलं.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज