मनू, तू निघण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास. नंतर मी तीनदा फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे. दादा शुक्रवारी तुला विमानतळावर सोडायला येईल, त्याच्याबरोबर हे पाकीट देते.

लोकरीचे मोजे दोन जोड घे. गोथेनबर्गला नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडायला लागतो म्हणे. तूप आणि पेढे नेऊ नकोस, युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. मेतकूट केलंय. डोकेदुखीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव.

तुझी जुळी बहीण विचारेल, तुझ्या आईबाबांना माझ्याबद्दल माहीत होतं का? हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी पहिल्याच पानावर आलं.

माहीत होतं, मनू. १९८७च्या पावसाळ्यात आम्ही संस्थेत गेलो तेव्हा तुम्ही दोघी एकाच पाळण्यात होतात, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. ओळखता यावं म्हणून मावशींनी तुझ्या डाव्या पायात काळा दोरा बांधला होता आणि तिच्या उजव्या. तुला उचललं तर तू रडली नाहीस. ती रडली.

वकील म्हणाले, कायद्यात बसत नाही. ते खोटं नव्हतं. १९५६च्या कायद्याने घरात एक मुलगी असताना दुसरी दत्तक घेताच येत नसे. दादा होता म्हणून आपल्याला मुलगा घेता येत नव्हता, मुलगी घेता येत होती, पण एकच. ती वाट फार पुढे, २०००च्या बालन्याय कायद्याला २००६ साली दुरुस्ती झाल्यावर मोकळी झाली. तेव्हा तू कॉलेजात होतीस. त्या दिवशी वकिलांनी दुसरा मार्गही सांगितला होता. १८९०च्या कायद्याखाली दुसरीचं नुसतं पालकत्व घ्यायचं. नाव, वारसा काही नाही, पण मूल घरात राहिलं असतं. परदेशी जोडपीही इथल्या कोर्टातून त्याच कायद्याखाली पालकत्व घेऊन मूल नेत आणि मग आपल्या देशात दत्तकविधान करत. ती तशीच स्वीडनला गेली.

बाबा म्हणाले, घेऊ. मी नाही म्हणाले. कारखान्यात संपाची बोलणी चालली होती, घरात दीड खोली, सासूबाई अंथरुणावर. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मी घाबरले होते हे त्याहून खरं आहे. पुढे सगळ्यांना 'कायद्यात बसत नाही' एवढंच सांगितलं. सांगून सांगून मलाही तेच पटायला लागलं होतं.

दादावर रागावू नकोस. आदल्या खेपेला तो आमच्याबरोबर संस्थेत आला होता. तुला घेऊन रिक्षातून उतरलो तर दारातच त्याने विचारलं, "दुसरी कुठंय?" सहा वर्षांचा होता. पुन्हा हा प्रश्न विचारायचा नाही असं मी त्याला दटावलं आणि त्याने अडतीस वर्षं विचारला नाही.

तू पाठवलेली त्या कोरियन मुलींची बातमी वाचली. त्याही १९८७च्याच, बुसानला जन्मलेल्या. एक अमेरिकेत वाढली, एक फ्रान्समध्ये, आणि एकीचा चेहरा दुसरीच्या मित्राला यूट्यूबवर दिसला. त्यांच्या आईबापांना कागदावर एकेकटंच मूल दाखवलं होतं. वाचून मला त्यांचा हेवा वाटला. मुलींनी विचारलं तर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं त्यांना खरं खरं सांगता येतं.

तिथे गेल्यावर तुलना करत बसू नकोस. तिला काय मिळालं, तुला काय नाही, याचा हिशोब मांडू नकोस. पहिल्याच दिवशी सगळं बोलून टाकू नये, माणसाला वेळ द्यावा. तिच्या आईशी नीट वाग. २०२५च्या जूनमध्ये स्वीडनच्याच चौकशी समितीने परदेशातून मुलं दत्तक घेणं थांबवा असं सुचवलं, तेव्हापासून त्या बाईंच्याही मनात काय काय येत असेल. आणि घाईघाईने वचनं देऊ नकोस, तुझा स्वभाव... बघ, झालं सुरू माझं. माफ कर. डीएनएसाठी थुंकीची नळी पाठवलीस ती तू, 'ही तुमची जुळी बहीण' असं वाचून आधी तिला पत्र लिहिलंस ती तू. पिल्लू झोपल्यावर तू रात्री स्वीडिश शिकतेस असं जावईबापू सांगत होते. मी तुला काय शिकवणार?

फक्त ती विचारेल तेव्हा गप्प राहू नकोस. मी राहिले.

संस्थेतून आणलेला तुझ्या पायातला दोरा कुंकवाच्या करंड्यात ठेवला होता, तो पाकिटात घातलाय. विटून तपकिरी झालाय, गाठ मात्र मावशींचीच आहे. तिला दाखवायचा की नाही ते तू ठरव. आणि तिने विचारलं, तर आई नाही म्हणाली असं सांग. 'आईबाबा' म्हणू नकोस. बाबा हो म्हणाले होते.

तुझी,
आई

ता. क. मेतकुटाच्या डबीचं झाकण सैल आहे, रबर लावलंय. ते काढू नकोस.